काटा खाली गेला की: इंधन कधी भरावं आणि कमी इंधनावर गाडी कशी न्यावी

गाडी शिकताना क्लच, गिअर, रिव्हर्स, पार्किंग सगळं कुणीतरी शेजारी बसून शिकवतं. टाकीत किती उरलंय आणि तेवढ्यात कुठवर जाता येईल, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. मग दोन टोकांचे चालक तयार होतात. काही जण काटा अर्ध्यावर आला की अस्वस्थ होतात. काही जण दिवा लागल्यावरही 'अजून पन्नास किलोमीटर आरामात जाते' म्हणत समोरचा पंप मागे टाकतात. या दुसऱ्यांचं दहातल्या नऊ वेळा खरंही ठरतं, म्हणूनच ती सवय सुटत नाही.

गाडी हातात येऊन थोडेच महिने झालेत अशांसाठी हे लिहितोय. मुख्यतः पेट्रोल आणि डिझेलच्या चारचाकीबद्दल आहे, दुचाकीचं शेवटी वेगळं सांगितलंय. सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो: टाकी कमी असली की इंधनपंप, म्हणजे टाकीतून इंजिनाला इंधन पुरवणारा गाडीतला पंप, जळतो, अशी भीती सगळे घालतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण खरी काळजी गाडी नेमकी कुठे बंद पडेल, याची करायला हवी.

काट्यावर किती भरवसा ठेवायचा

टाकीच्या आत एका दांडीला फ्लोट लावलेला असतो. इंधनाची पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, दांडी फिरते, तिच्या दुसऱ्या टोकाला विजेचा रोध बदलतो आणि त्यानुसार डॅशबोर्डवरचा काटा सरकतो. काट्याला टाकीतले लिटर कळत नाहीत, फ्लोट किती उंचीवर आहे तेवढंच कळतं. एवढं लक्षात ठेवलं की काट्याच्या बऱ्याच खोड्या उलगडतात.

टाकी पूर्ण भरली की फ्लोट वरच्या मर्यादेला जाऊन टेकतो, आणि इंधन त्याच्याही वर असू शकतं. म्हणून फुल्ल केल्यावर बराच वेळ काटा हलतच नाही आणि गाडी भलतंच ॲव्हरेज देतेय असं वाटतं. पुढे तोच काटा भराभर उतरतो. शिवाय टाकी काही सरळसोट डबा नसते. मागच्या सीटखालच्या जागेत, सायलेन्सरचा पाइप चुकवत, वाकवून-दुमडून बसवलेली असते. त्यामुळे काट्याच्या वरच्या अर्ध्या भागात जितके लिटर असतात तितकेच खालच्या अर्ध्यात असतील असं नाही. तुमच्या गाडीत वरचा अर्धा भाग साडेतीनशे किलोमीटर चालला, म्हणून खालचाही तितकाच चालेल असं गणित मांडू नका.

चढावर आणि उतारावर इंधन टाकीच्या एका बाजूला जातं, फ्लोटही त्याप्रमाणे वरखाली होतो. वळणावळणाला काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. म्हणून खरा आकडा हवा असेल तर सपाट जागी थांबा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग बघा. घाट चढताना दिवा लागला आणि वर सपाटीला येताच विझला, तर गाडीत बिघाड नाही. पण तो दिवा आज ना उद्या लागणारच आहे, याची ती आगाऊ सूचना समजा.

आता 'रेंज' किंवा 'डिस्टन्स टू एम्प्टी' या नावाने दिसणारा आकडा. उरलेलं इंधन आणि गेल्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज, यांचा तो गुणाकार असतो. महामार्गावर एका लयीत आलात तर तो १२० दाखवेल. तिथून गर्दीच्या शहरात शिरलात की २० किलोमीटर अंतर जाण्यात तो ४० ने घटेल. मागचा रस्ता जसा होता तसाच पुढचा असेल असं धरून गाडी हे गणित करते, आणि तसं क्वचितच असतं. बऱ्याच गाड्यांमध्ये शेवटी शेवटी आकडा जाऊन नुसत्या आडव्या रेघा येतात. तिथून पुढे अंदाज द्यायची गाडीचीच तयारी नाही, असा त्याचा अर्थ घ्या.

दिवा लागतो तेव्हा किती उरलेलं असतं

बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांमध्ये ५ ते ८ लिटर. पण 'बऱ्याच' या शब्दावर विसंबून रात्रीच्या प्रवासाला निघू नये. तुमच्या गाडीचा आकडा तुम्हीच काढा. एकदाच करायचं काम आहे, आणि या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

पहिलं काम, ॲव्हरेज काढणं. पंपावर टाकी भरताना नोझल आपोआप 'टक्' करून बंद पडतं, तिथेच थांबा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, मुद्दाम जपून नको. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत भरा. समजा मीटरवर ४१२ किलोमीटर आले आणि २७.५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज साधारण १५. एकाच वेळच्या आकड्यावर जाऊ नका. दोन-चार टाक्यांची सरासरी घ्या, आणि त्यात सगळ्यात कमी आलेला आकडाही वेगळा लिहून ठेवा. अडचणीच्या वेळी तोच कामाला येतो.

दुसरं काम, दिव्याचा हिशोब. दिवा लागला की जवळच्या पंपावर जा, पहिल्या 'टक्'पर्यंत भरा आणि किती लिटर बसलं ते बघा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत टाकीची क्षमता दिलेली असते. ती ४३ लिटर असेल आणि तुमच्या गाडीत ३६.५ बसलं असेल, तर त्या क्षणी टाकीत साधारण साडेसहा लिटर होतं. दिवा लागल्यापासून पंपापर्यंत चार-पाच किलोमीटर आला असाल तर तेवढं इंधन त्यात मिळवा. पुस्तिकेत दिव्याचा आकडा थेट दिला असेल तर तोही पडताळून बघा.

या साडेसहातलं सगळं मात्र वापरता येत नाही. तळाशी थोडंसं असं राहतं की गाडीतल्या इंधनपंपाला ते ओढता येत नाही, चढावर तर आणखी कमी हाती लागतं. दीड लिटर सोडून द्या. उरले पाच. नेहमीच्या ॲव्हरेजने ते ७५ किलोमीटर होतात. पण घाट, गर्दी किंवा भरलेली गाडी असेल आणि ॲव्हरेज १० वर आलं असेल तर ५०. मी नवख्यांना यातलंही निम्मंच खरं धरायला सांगतो. म्हणजे दिवा लागल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत पंप. हा आकडा डोक्यात पक्का बसला की 'अजून जाते की' म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं ऐकायची गरज उरत नाही.

जाता जाता एक गोष्ट. पुस्तिकेत ३५ लिटर लिहिलेलं असताना पंपावर ३७ बसलं, की लोक लगेच मीटरमध्ये घोळ आहे म्हणतात. असू शकतोही. पण आधी हे तपासा: 'टक्' झाल्यावर पुढे दाबून दाबून भरलं होतं का? टाकीत इंधनाला प्रसरण पावायला आणि त्याच्या वाफेला राहायला मोकळी जागा ठेवलेली असते, शिवाय तोंडापासून टाकीपर्यंतचा पाइप असतो. काठोकाठ भरलं की ही जागाही भरते आणि लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त बसतं.

मग भरायचं कधी

काटा कुठे आहे यापेक्षा पुढचा खात्रीचा पंप किती लांब आहे, हा प्रश्न आधी विचारा. खात्रीचा म्हणजे तुम्ही पोहोचाल तेव्हा उघडा असणारा आणि तुम्हाला हवं ते इंधन असणारा. नकाशावर दिसणारा प्रत्येक पंप तसा असतोच असं नाही.

रोजच्या शहरातल्या फिरण्यात, चार चौकांआड पंप असतील तर काटा पाव टाकीवर आला की भरा. पाव म्हणजे दिवा लागायच्या बरंच आधी. त्यामुळे घाई नसते, रांग लांब असेल तर उद्यावर टाकता येतं. लांबच्या प्रवासाला निघालात की हीच रेषा अर्ध्यावर आणा. अर्धी टाकी झाली की पुढे दिसेल त्या चांगल्या पंपावर थांबायचं. घाट, जंगलातला रस्ता, अनोळखी मुलूख, रात्र, किंवा थंडीत बर्फ पडणारा भाग असेल तर शेवटच्या मोठ्या गावातून निघतानाच टाकी भरून निघा, काटा पाऊण दाखवत असला तरी.

वाहतूक कोंडीचा हिशोब लोक करत नाहीत. गाडी जागेवर चालू ठेवली तर लहान इंजिनही तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला की आणखी. पाच लिटर हाताशी असताना दोन तास अडकलात, तर किलोमीटर एकही न वाढता हाताशी असलेल्यातला तिसरा हिस्सा गेला. सणासुदीला किंवा सुट्ट्यांच्या गर्दीत निघताना म्हणूनच जास्त भरून निघायचं.

'टाकी अर्धीच ठेवायची, वजन कमी म्हणजे ॲव्हरेज जास्त' हा सल्लाही ऐकायला मिळतो. पेट्रोलचा एक लिटर म्हणजे साधारण पाऊण किलो. चाळीस लिटरची टाकी अर्धी ठेवली तर पंधरा किलो वाचले. हजार किलोच्या गाडीत त्याने काय फरक पडणार? तेवढ्यासाठी दुप्पट वेळा पंपावर जाणं परवडत नाही. डिकीत महिनोन् महिने पडून असलेलं सामान काढा, टायरमधली हवा तपासा, त्याने जास्त वाचेल. पहाटे थंडीत भरलं की जास्त पेट्रोल मिळतं, हेही तसंच. तापमान एक अंशाने बदललं की पेट्रोलचं आकारमान हजारात एकाच्या आसपास बदलतं, आणि पंपाच्या टाक्या बहुधा जमिनीखाली असल्याने तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. पहाटे रांग नसते, हाच त्यातला खरा फायदा.

सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी गाडी असेल तर पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका. अशा बऱ्याच गाड्या सुरू होताना पेट्रोलच घेतात, आणि गॅस संपला की तोच आधार असतो. अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवर चालवत जा, म्हणजे टाकीतलं पेट्रोल शिळं होत नाही.

कमी इंधनाने गाडीचं काय बिघडतं

इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने इंधन फवारणाऱ्या पेट्रोल गाडीत इंधनपंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आतच बसवलेला असतो. इंधन त्याच्या मोटरमधूनच वाहतं, तिला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं. टाकी रिकामी होत गेली की हे काम नीट होत नाही, पंप तापतो आणि लवकर झिजतो, असं म्हणतात ते इथून. पण गाडी बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं. पंपाभोवती एक लहानसं भांडं असतं. टाकीत थोडंच उरलं तरी त्यात इंधन साठून राहतं, त्यामुळे वळणावरही पंपाला हवा ओढावी लागत नाही. महिन्यातून एकदा दिवा लागला म्हणून पंप जळत नाही. दिव्यावरच गाडी चालवायची ज्यांना कायमची सवय आहे त्यांचा पंप तापतो, आणि टाकी कोरडी पडून पंप नुसता हवेवर फिरला तर इजा नक्की होते.

तळाचा गाळ ओढला जातो, ही दुसरी भीती. पंप इंधन ओढतो तेच मुळी तळातून, टाकी फुल्ल असतानाही. त्यामुळे गाळ फक्त शेवटीच येतो हे खरं नाही. मात्र इंधन कमी असताना ते टाकीत जास्त हिंदकळतं आणि तळाचा साका ढवळला जातो. जुन्या, पत्र्याच्या टाकीत गंज असेल तर त्याचा त्रास जास्त. रिकाम्या जागेतल्या हवेतला ओलावा थंडीत पाणी होऊन तळाशी बसतो, हेही जुन्या टाक्यांत आणि बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत जास्त घडतं. तेव्हा गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा.

पेट्रोल अगदी संपत आलं की इंजिनाला कधी इंधन मिळतं, कधी नाही. ते गचके खातं, मिसफायर होतं. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जळतं आणि तो भाग गरजेपेक्षा जास्त तापतो. कन्व्हर्टर महागडा असतो. म्हणून गाडी गचके खायला लागल्यावर 'आणखी एक किलोमीटर ओढू' हा प्रयोग करू नका.

डिझेलचं दुखणं वेगळं आणि जास्त खर्चिक. आजच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या) इंजिनात इंधनाचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. टाकी कोरडी झाली की लाइनमध्ये हवा शिरते, पंप कोरडा घासतो, धातूचे कण सुटून इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतात. मेकॅनिक म्हणतात 'गाडीने एअर घेतली'. ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. पेट्रोलवाल्याने निष्काळजीपणा केला तर बहुधा वेळ जातो, डिझेलवाल्याने केला तर पैसेही जातात.

दिवा लागलाय आणि पंप लांब आहे

सर्वात आधी, चालवता चालवता फोनमध्ये पंप शोधू नका. शेजारच्याला शोधायला सांगा किंवा सुरक्षित जागी थांबा. सर्वात जवळचा पंप निवडा, मागे परतावं लागलं तरी. तो चालू आहे ना हे फोन करून विचारता आलं तर उत्तम. दुभाजकामुळे पलीकडचा पंप आठ किलोमीटरचा वळसा घालायला लावू शकतो, तेही बघून घ्या.

मग वेग उतरवा. वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, म्हणजे हेच उलट केलं की बचत होते. इंजिन न कण्हता जितक्या वरच्या गिअरमध्ये चालेल तितक्या वरच्या गिअरमध्ये, साधारण ५० ते ७० च्या दरम्यान, एकाच लयीत चला. महामार्गावर फारच हळू जाणंही धोक्याचं असतं, तिथे डावी-उजवी जी संथ लेन असेल ती धरा आणि बाकीच्या वाहतुकीशी जुळेल असा वेग ठेवा. एसी बंद करा. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर लांबूनच ॲक्सिलरेटर सोडा. मिनिटभर थांबायचं असेल तर इंजिन बंद करा, पण चौकात वाहतुकीच्या मधोमध नको.

उतारावर न्यूट्रल करायचा मोह होईल. करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर इंधन तोडतात आणि चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेकही गेला. इंजिन बंद करून उतरणं तर सरळ जिवाशी खेळ: ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होऊ शकतं.

गाडी बंद पडायला लागली

आधी ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ येत नाही, मग गचके, मग इंजिन शांत. या दरम्यान तुमच्या हाती काही सेकंद आणि गाडीचा उरलेला वेग असतो. तो वाया घालवू नका.

हॅझर्ड दिवे लावा. क्लच दाबून न्यूट्रल करा, ऑटोमॅटिक असेल तर 'एन'वर न्या. आरशात बघत रस्त्याच्या कडेला, शक्यतो लेनबाहेरच्या पट्टीवर (शोल्डर) किंवा मोकळ्या जागेत गाडी न्या. चावी काढू नका, मागेही फिरवू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. बटणाची गाडी असेल तर गाडी थांबेपर्यंत बटणाला हात लावू नका. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच मदत उरलेली असते. म्हणून पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, एकदाच नीट, सलग दाबत गाडी थांबवा. मग हँडब्रेक.

वळणावर, पुलावर किंवा चढाच्या टोकापलीकडे थांबणं टाळता आलं तर टाळा, मागून येणाऱ्याला तिथे गाडी उशिरा दिसते. माणसं वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दारातून उतरवा आणि रस्त्यापासून लांब, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे उभी करा. गाडीत बसून मदतीची वाट बघू नका. परावर्तक त्रिकोण मागच्याला थांबायला वेळ मिळेल इतका लांब ठेवा. पण वेगवान रस्त्यावर तो ठेवायला मागे चालत जाणंच धोक्याचं वाटलं, तर राहू द्या. त्यानंतर रस्त्यावरच्या मदत सेवेला फोन करा. विमा किंवा गाडीच्या वॉरंटीबरोबर बऱ्याचदा ही सेवा मिळालेली असते आणि पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो. क्रमांक आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

आणलेलं इंधन टाकून गाडी सुरू करणं

इंधन त्यासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये आणा. पाण्याची बाटली पेट्रोलने मऊ पडू शकते, गळू शकते आणि वाफ कोंडून फुगते. काही ठिकाणी सुटं इंधन देण्यावर बंदीही असते, पंपावर हुज्जत घालू नका. कॅन भरताना जमिनीवर ठेवून भरा, गाडीत किंवा हातात धरून नाही, कारण साठलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका. दुसऱ्या गाडीतून नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढणं हा प्रकार तर विसरूनच जा. घोट श्वासनलिकेत गेला की फुप्फुसाला गंभीर इजा होते.

एक लिटरने भागत नाही. टाकी पसरट असते आणि गाडी कलती उभी असेल तर तेवढं टाकीतल्या इंधनपंपापर्यंत पोहोचतही नाही. पाच लिटर तरी टाका. पेट्रोल गाडीत चावी 'ऑन'वर न्या, स्टार्ट करू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घरघर ऐकू येईल, तो पंप लाइन भरतोय. चावी बंद करा, पुन्हा 'ऑन'. असं तीन-चार वेळा करून मग स्टार्टर मारा. एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये थोडा दम घेऊ द्या. नाहीतर पेट्रोल आलं आणि बॅटरी गेली, अशी गत होईल.

डिझेल गाडीत फिल्टरजवळ हाताने दाबायचा रबरी फुगा किंवा बटण असेल, तर तो घट्ट होईपर्यंत दाबत राहा, म्हणजे लाइनमधली हवा निघते. काही गाड्यांमध्ये विजेवरचा पंप हे काम करतो, तिथे वरच्यासारखं चावी 'ऑन-ऑफ' करणं पुरतं. काहींना मात्र वर्कशॉपचं मशीनच लावावं लागतं. तुमची कोणती ते पुस्तिकेत असतं. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झाली नाही तर स्टार्टर मारत बसू नका, मेकॅनिक बोलवा.

गाडी सुरू झाली की आणलेल्या पाच लिटरवर घरी जायचं नाही. आधी पंप.

पंपावर

टाकीचं झाकण कुठल्या बाजूला, हे बऱ्याच गाड्यांत काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी बारीक बाणाने दाखवलेलं असतं. दुसऱ्याची किंवा भाड्याची गाडी चालवताना तो फार कामाला येतो. फोर्डमधले जिम मोयलन हे १९८६ मध्ये भर पावसात गाडी पंपाच्या चुकीच्या बाजूला लावून बसले आणि त्यानंतर त्यांनी ही सूचना कंपनीला लिहून पाठवली. १९८९ च्या मॉडेलपासून बाण आला.

इंजिन बंद करा. इंधन कोणतं हे स्वतः तोंडाने सांगा आणि नोझल आत जाण्याआधी बघा. घाईत, दिवा लागलेला असताना, पेट्रोलऐवजी डिझेल किंवा उलट भरलं जातं ते इथेच. तसं झालं आणि लक्षात आलं, तर गाडी सुरू करू नका, चावी 'ऑन'वरही नेऊ नका, कारण तेवढ्याने गाडीतला इंधनपंप चालू होतो. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसून घ्या. इंजिन सुरू केलं नसेल तर टाकी साफ करण्यावर भागतं.

पहिल्या 'टक्'नंतर थांबा. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. इंधनाची पातळी तिथवर येऊन ते बुजलं की आतल्या हवेचा दाब बदलतो आणि झडप मिटते. त्यापुढे आकडा गोल करायला ओतलेलं इंधन वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरू शकतं, आणि तो ओला झाला की निकामी. झाकण क्लिक होईपर्यंत फिरवा, ट्रिप मीटर शून्यावर आणा.

दुचाकीचा रिझर्व्ह

कार्ब्युरेटरच्या (इंजेक्शनच्या आधीच्या पद्धतीच्या) मोटारसायकलला टाकीखाली कॉक असतो: ऑन, रिझर्व्ह, ऑफ. नवख्यांना वाटतं की रिझर्व्हची वेगळी छोटी टाकी असते. टाकी एकच असते. एका पिंपाला एक नळ जरा वर आणि दुसरा तळाशी बसवावा, तसं. 'ऑन'वर असताना पेट्रोल उंच नळीच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की गाडी गचके खाते, म्हणजे 'रिझर्व्हला लागली'. कॉक फिरवला की तळाच्या तोंडातून उरलेलं येतं. किती, हे गाडीगणिक बदलतं, बहुधा एक-दोन लिटर. चालत्या गाडीवर, रस्त्यावरची नजर न हटवता डाव्या हाताने कॉक सापडायला हवा, म्हणून घरी गाडी उभी असताना न बघता तो फिरवायचा सराव करा.

इंजेक्शनच्या नव्या दुचाकींना कॉक नसतो, फक्त दिवा किंवा लुकलुकणारी शेवटची पट्टी असते. 'लावू रिझर्व्हला' ही सोय तिथे संपली. टाकीही लहान, बऱ्याच स्कूटरना पाच-सहा लिटरची. पट्टी लुकलुकायला लागली की त्याच दिवशी भरा. भरताना गाडीवरून उतरा, मागे बसलेल्यालाही उतरवा, सांडलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडू देऊ नका.

कॉकवाल्यांनी पेट्रोल भरल्यावर कॉक आठवणीने परत 'ऑन'वर आणायचा. तो रिझर्व्हवरच राहिला, तर पुढच्या वेळी गाडी गचके न देता थेट तळ गाठेल, आणि फिरवायला दुसरं काही उरलेलं नसेल.